साडेतीनशेचा आकडा

डाख, म्हणजे सोल्डर, वितळायच्या क्षणी रंग पालटतो. तोवर करडा, मंद दिसणारा धातूचा ठिपका एकदम ओला झाल्यासारखा चमकतो, आणि ती चमक चिपच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत जाते. चारही बाजू ओल्या झाल्या की चिमट्याचं टोक नुसतं टेकवायचं. चिप पाण्यावरच्या पानासारखी किंचित हलते आणि सोडली की पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसते. वितळलेल्या डाखाचा ताणच तिला ओढून घेतो. इतकी वर्षं हे काम करतोय, पण हे बघायचा मला अजून कंटाळा आलेला नाही.

त्या रात्री ती चमक आलीच नाही.

समोर एका डिजिटल पियानोचा बोर्ड होता आणि त्यावरची अठ्ठेचाळीस पायांची चिप काढायची होती. गरम हवेच्या झोताने डाख वितळवणाऱ्या हॉट एअर स्टेशनच्या स्क्रीनवर 350 अंशांचा आकडा ठाम उभा होता. नोझल चिपवर गोल गोल फिरवत मी मिनिटभर थांबलो, मग दोन मिनिटं. डाख नीट धरावा म्हणून लावलेल्या फ्लक्सला उकळी फुटली, धूर आला, पण डाख करडाच राहिला. मी आकडा 380 केला, मग 400. कोपऱ्यावरचे पाय सुटल्यासारखे वाटले म्हणून चिमट्याने चिप उचलायला गेलो आणि तीन पायांखालची तांब्याची पट्टी बोर्डवरून सोलून वर आली.

पॅड उखडणं काय असतं ते ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. केसाएवढ्या तारेने ते जोडता येतं, मी नंतर जोडलंही. पण तो बोर्ड माझ्याकडे येईपर्यंत धड होता आणि माझ्या हातून फाटला, ही गोष्ट तारेने सांधता येत नाही. मशीन बंद केलं, दिवा मालवला, पण डोळ्यांसमोरून तो आकडा हलेना. साडेतीनशे. शिसंविरहित डाख 217 ते 220 अंशांना वितळतो. साडेतीनशेच्या हवेखाली त्याने तीन मिनिटं तग धरायचं काही कारणच नव्हतं.

हे मशीन आतून फार साधं आहे, आणि त्याच्या साधेपणावर माझं प्रेम आहे. हँडलच्या पोटात एक छोटा पंखा. त्याच्या पुढे अभ्रकात किंवा चिनीमातीच्या नळीत गुंडाळलेली नायक्रोमची कॉइल. पंख्याची हवा कॉइलवरून जाते, तापते, नोझलमधून बाहेर पडते. कॉइलच्या तोंडाशी राईएवढं डोकं असलेलं, तापमान मोजणारं एक थर्मोकपल बसवलेलं असतं. खाली डब्यात एक ट्रायॅक, तो कॉइलला वीज देतो आणि तोडतो. कधी द्यायची आणि कधी तोडायची ते एक छोटा कंट्रोलर ठरवतो. हँडल स्टँडवर ठेवलं की स्टँडमधला चुंबक हँडलमधल्या रीड स्विचला जागं करतो, कॉइल बंद होते आणि ती पुरेशी निवेपर्यंत पंखा चालू राहतो. बस्स, एवढंच.

यातलं नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. अल्बर्ट मार्श यांना 1906 साली त्याचं पेटंट मिळालं. लालभडक होऊनही न जळणारी तार त्याआधी कोणाकडे नव्हती म्हटलं तरी चालेल. आजही इस्त्रीपासून टोस्टरपर्यंत तीच तार तापते. पण मला या मशीनमध्ये त्याहून मोठं नवल वाटतं ते थर्मोकपलचं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडायच्या आणि ते टोक तापवायचं. दुसऱ्या टोकांना आपोआप व्होल्टेज येतं. सेबेक यांना हा परिणाम 1821 साली दिसला. बॅटरी नाही, काही नाही. धातूच स्वतःची ऊब सांगतो. मात्र सांगतो तो फार हळू आवाजात. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये दर अंशामागे साधारण 41 मायक्रोव्होल्ट मिळतात. साडेतीनशे अंशांना सगळे मिळून चौदा मिलिव्होल्ट, तेवढेच. एवढ्याशा कुजबुजीवर विश्वास ठेवून मशीन सातशे वॅटची कॉइल हाताळतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी सुरुवात चुकीच्या जागेवरून केली.

हवा गरम नाही म्हणजे कॉइल गेली, हा पहिला विचार. तसा तो साहजिकच होता. नवी कॉइल मागवूनही टाकली. ती यायच्या आत जुनी मोजून बघू म्हणून प्लग काढला, डब्याचे स्क्रू काढले, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला नाही ना ते मीटरने तपासलं आणि मग हात घातला. (प्लग काढल्यावरही मोजल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हे मी कुणालाही हात जोडून सांगेन.) कॉइलचा रोध आला 74.6 ओम. 230 व्होल्टचा वर्ग भागिले 700 वॅट केलं की येतात साडेपंचाहत्तर. म्हणजे कॉइल ठणठणीत होती. कॉइल आणि बाहेरची धातूची नळी यांच्यातलं इन्सुलेशन मोजलं, तेही चोख.

मग ट्रायॅक? ट्रायॅकला शॉर्ट व्हायची खोड असते, पण तसं झालं तर कॉइलचा पुरवठा तुटतच नाही, ती तापतच राहते. काळोखात नोझलमध्ये डोकावलं तर लाल दिसते. वस्तू साध्या डोळ्यांना जेमतेम लाल दिसायला लागते ती सव्वापाचशे अंशांच्या आसपास. ड्रेपर यांनी 1847 साली ते दाखवून दिलं, आणि वस्तू कुठलीही असो, हा आकडा साधारण तोच राहतो. माझ्या कॉइलच्या पोटात अंधारच होता. ट्रायॅक अर्धाच चालत असेल तर तापायला वेळ लागेल, पण आकडा साडेतीनशेवर पोचणार नाही. इथे तर तो पोचत होता, तोही झटपट.

झटपट. हा शब्द माझ्या मनात आला आणि मी तो तसाच पुढे ढकलला. त्याच्याकडे पुन्हा यावं लागलं.

डबा उघडलेलाच होता म्हणून पुरवठ्याची वायरिंगही बघितली, आणि जे दिसलं त्याने मी हबकलो. फ्यूज आणि स्विच दोन्ही न्यूट्रलच्या तारेवर होते. फेज थेट आत. म्हणजे मी स्विच बंद करून, दिवा गेला म्हणून निर्धास्त होऊन, हँडल उघडून कॉइलला बोट लावलं असतं तर पूर्ण 230 व्होल्ट अंगात शिरले असते. अर्थिंगची तार डब्याच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली होती, पण रंगाच्या थरावरच. प्लगची अर्थची पिन आणि नोझल यांच्यात मीटर लावला तर काही जोडच नाही. अभ्रकाला एक तडा गेला असता तर नोझल फेजवर आलं असतं आणि फ्यूज शांत बसून राहिला असता.

स्वस्त मशीनमध्ये ही गोष्ट अधूनमधून सापडते, हे मी ऐकून होतो. पण ऐकणं वेगळं आणि वर्षानुवर्षं जे हातात धरलं त्यात ते सापडणं वेगळं. मूळ बिघाडाशी याचा काही संबंध नव्हता, तरी मी तो बाजूला ठेवून आधी हे काम केलं. फेज आधी फ्यूजकडे, तिथून स्विचकडे, मग पुढे. पत्र्याचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडला, खाली दातेरी वॉशर घातला, आवळला. अर्थच्या पिनपासून नोझलपर्यंत 0.3 ओम आले तेव्हा जीव भांड्यात पडला. ज्याच्याकडे असं मशीन आहे त्याने बिघाडाची वाट न बघता एवढी दोन मोजमापं तरी घ्यावीत, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता मूळ दुखणं. दुसऱ्या दिवशी भाची आली होती. वय बारा. मी काम करत असलो की स्टूल ओढून शेजारी बसते आणि लागेल तिथे टॉर्च धरते. मी तिला दाखवायला म्हणून मशीन सुरू केलं, 350 लावले आणि नोझलसमोर आधी शिसं असलेल्या डाखाची तार धरली. तो डाख 183 अंशांना वितळतो. जरा वेळ घेऊन टोकाला मणी धरला. मग शिसंविरहित तार धरली. ती तशीच राहिली, टोकसुद्धा गोल झालं नाही.

"मामा, ही किती अंशांना वितळते?"

"दोनशेसतराच्या पुढे."

"मग हवा दोनशेसतराहून थंड आहे ना?"

"हो."

"मग ते साडेतीनशे का म्हणतंय?"

मी आदल्या दिवसभर विचारत होतो, हवा तापत का नाही. ती विचारत होती, मशीन असं का म्हणतंय. दोन्ही प्रश्न सारखे वाटतात, पण एक कॉइलकडे नेतो आणि दुसरा थर्मोकपलकडे. कॉइलचं काय चुकणार? तिला सांगितलं तेवढं ती तापत होती. कंट्रोलरला साडेतीनशे दिसले की तो पुरवठा तोडणार, ते त्याचं कामच आहे. कोणीतरी त्याला वाढवून सांगत होतं.

आणि मग आठवायला लागलं. महिनाभर तरी झाला असेल, मशीन लावलं की आकडा दीडशेच्या आसपासपासूनच चढायला लागायचा. खोलीच्या तापमानापासून नाही. मला बरं वाटायचं, लवकर तापतंय म्हणून. स्टँडवर ठेवल्यावर पंखा थांबायचं नाव घेत नव्हता. आकडा उतरत उतरत दीडशेला अडकायचा आणि मी कंटाळून स्विच बंद करायचो. त्याचा दोष मी स्टँडमधल्या चुंबकावर टाकला होता, तो सैल झालाय म्हणून पुन्हा चिकटवलाही होता. खरं तर जरा थांबून विचार केला असता तर कळलं असतं. रीड स्विचला चुंबक कळत नसता तर कॉइलही तापत राहिली असती. ती बंद होत होती, हवा गार पडत होती, फक्त पंखा अडून होता. कारण मशीनच्या मते हँडल अजून दीडशे अंशांवर होतं आणि शंभराच्या खाली उतरेपर्यंत पंखा थांबवायचा नाही, हा त्याचा नियम.

लवकर तापणारं मशीन, न थांबणारा पंखा, न वितळणारा डाख. मी यांना तीन वेगळ्या गोष्टी समजलो होतो. पहिली चांगली, दुसरी किरकोळ, तिसरी गंभीर. तिन्ही एकच होत्या. मशीन खऱ्या तापमानात सव्वाशेच्या आसपास अंश मिळवून वाचत होतं. मधल्या दिवसांत जे बोर्ड आले ते जुने, शिशाच्या डाखाचे. ते जरा कमी आचेवरही सुटले, म्हणून मला काही कळलं नाही. 2006 च्या जुलैत युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर बंदी आली आणि त्यानंतरचे बहुतेक बोर्ड शिसंविरहित. हा पियानो त्यातला.

इथे एक मोह झाला, तो सांगायलाच हवा. बोर्डवर एक छोटा ट्रिमर असतो. पेचकस लावून तो फिरवला की स्क्रीनवरचा आकडा वरखाली होतो. कॅलिब्रेशनसाठी दिलेला. तो चतकोर फिरवला असता तर आकडा खऱ्याशी जुळला असता, डाख वितळला असता, काम पाच मिनिटांत संपलं असतं. हात तिथपर्यंत गेलाही होता. पण आकडा का चुकतोय ते माहीत नसताना तो जुळवायचा म्हणजे घड्याळ मागे पडतंय म्हणून काटा पुढे सरकवायचा आणि चाक कुठे अडतंय ते बघायचंच नाही. शिवाय जी चूक आज सव्वाशे अंशांची आहे ती उद्या अचानक शून्य झाली तर? मग मशीन 350 म्हणेल आणि हवा पावणेपाचशेची येईल, तीही कुणाच्या तरी बोर्डवर. पुढे जे सापडलं त्यावरून सांगतो, नेमकं हेच झालं असतं.

पहिली परीक्षा सोपी होती. हँडलची केबल डब्याच्या बोर्डला जिथे जोडली आहे तिथून थर्मोकपलच्या दोन तारा सोडवल्या आणि बोर्डच्या बाजूला त्या दोन जागा एका तारेने एकमेकींना जोडल्या. शॉर्ट म्हणजे शून्य व्होल्ट, आणि शून्य व्होल्ट म्हणजे मशीनने खोलीचं तापमान दाखवायला हवं. या वेळी पुरवठा देताना कॉइलची जोडणी मी काढून ठेवली होती, नाहीतर आंधळं झालेलं मशीन तिला तापवतच सुटलं असतं. आकडा आला 26. शेजारच्या थर्मामीटरवरही 26. म्हणजे डब्यातलं सगळं शहाणं होतं. अॅम्प्लिफायर, कंट्रोलर, ट्रिमर, सगळं. हात न लावलेला ट्रिमर तर एकदम बरोबर जागी होता.

तारा परत जोडल्या. 148.

मग हँडलच्या बाजूने ओम मोजले. धड थर्मोकपलचा रोध काही ओमच असतो. नवी कॉइल तोवर आली होती, तिच्यासोबतच्या थर्मोकपलचे आले 3 ओम. माझ्या हँडलमधून आले चार हजार सातशे. भाचीला म्हटलं, तू केबल धर आणि हँडलपाशी हळूहळू वाकव, मी मीटर बघतो. एका हाताने दोन्ही जमत नाही.

"अगं, हळू."

"मामा, पळाला! आकडा पळाला!"

4700 वरून एकदम 6, मग पुन्हा पाच हजार, मग 900. केबल जिथे हँडलमध्ये शिरते तिथे ती जरा दाबली की जोड यायचा, सोडली की जायचा.

तीन ओमांच्या जागी पाच हजार झाले तर तापमान सव्वाशेने का वाढावं, हे मला लगेच कळलं नाही. बोर्ड हातात घेऊन तारांचा माग काढत गेलो तेव्हा कळलं, आणि ज्याने तो बनवला त्याच्याबद्दल आदर वाटला. थर्मोकपलच्या तारेवर 4.7 मेगाओमच्या एका रेझिस्टरमधून 5 व्होल्टची बारीकशी ओढ दिलेली होती. कारण असं, की थर्मोकपल कधी तुटलंच तर त्या ओढीने व्होल्टेज वर जावं, मशीनला वाटावं की प्रचंड तापलंय, आणि त्याने कॉइल बंद करावी. ही ओढ नसेल तर तुटलेलं थर्मोकपल थंड वाटेल आणि मशीन आग लागेपर्यंत तापवत राहील. म्हणजे चुकायचंच असेल तर सुरक्षित बाजूला चुकावं, ही व्यवस्था. त्या रेझिस्टरमधून वाहतो साधारण 1 मायक्रोअँपिअर. तो 3 ओममधून गेला तर काहीच फरक पडत नाही. पण 4700 ओममधून गेला की पाच मिलिव्होल्ट उभे राहतात. दर अंशाला 41 मायक्रोव्होल्ट धरले तर ते झाले एकशेबावीस अंश. खोलीचे 26 मिळवले की 148.

कागदावर हा हिशोब मांडून खाली 148 लिहिलं आणि स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर 148. त्या क्षणाचं सुख मला नीट सांगता येणार नाही. बिघाड अजून हातात आला नव्हता, पण तो कुठे बसलाय आणि काय करतोय हे कळलं होतं. साडेतीनशे वजा एकशेबावीस म्हणजे 228. कॉइलच्या तोंडाशी 228 ची हवा, ती नोझलमधून बाहेर पडून सेंटिमीटरभर अंतर ओलांडून, तांब्याने भरलेल्या बोर्डवर पोचेपर्यंत काय उरणार? चारशे लावले तेव्हाही आत पावणेतीनशेच होते. तीन मिनिटं तग धरण्यात त्या डाखाचं काहीच चुकलं नव्हतं.

हँडल उघडलं. आत नखाएवढा एक गोल बोर्ड, त्यावर एका बाजूने केबलच्या तारा येतात आणि दुसऱ्या बाजूने कॉइलच्या आणि थर्मोकपलच्या जातात. भिंग लावून एकेक जोड बघितला. थर्मोकपलच्या एका तारेचा जोड बाहेरून छान दिसत होता, गोल, चकचकीत. जरा जास्तच गोल. तार चिमट्यात धरून हलवली तर ती डाखाच्या गोळीत फिरली. नुसती फिरलीच नाही, ओढल्यावर सरळ बाहेर आली, आणि मागे डाखात तारेच्या आकाराचं स्वच्छ भोक राहिलं. बिळासारखं. तार बाहेरून काळपट होती, तिच्यावर डाखाचा कणही नव्हता.

डाख तारेला धरलाच नव्हता, तिच्याभोवती फक्त गोठला होता. के थर्मोकपलच्या तारा क्रोमेल आणि अॅल्युमेल या निकेलच्या मिश्रधातूंच्या असतात. त्यांच्यावर ऑक्साइडचा चिवट थर असतो आणि नेहमीच्या राळेच्या फ्लक्सला तो काढता येत नाही. तांब्यावर पसरतो तसा डाख त्यांच्यावर पसरत नाही. नव्या जोडात तार दाबून बसलेली असते म्हणून चालतं. हँडल तापतं, निवतं, केबल रोज वाकते, तो छोटा बोर्ड तिच्याबरोबर कुरकुरतो, आणि एके दिवशी धातू आणि धातूच्या मधे ऑक्साइडचा पडदा उरतो. तो पडदा म्हणजे माझे 4700 ओम. केबल दाबली की पडदा फाटायचा, मशीन बरोबर वाचायचं. ट्रिमर फिरवला असता तर त्या क्षणी हवा पावणेपाचशेवर गेली असती.

दुसऱ्या तारेचा जोडही तसाच असणार म्हणून तोही सोडवला. आता कुठली धन आणि कुठली ऋण? तारांवरच्या कापसाळ नळीचा रंग उडाला होता. उलट जोडलं तर भयंकर. कॉइल तापेल तसा आकडा उतरेल, मशीन आणखी तापवेल. इथे तो स्टँडमधला चुंबक कामाला आला, ज्याला मी विनाकारण दोष दिला होता. अॅल्युमेलला चुंबक ओढतो, क्रोमेलला ओढत नाही. तारांची टोकं चुंबकाजवळ नेली. एक डुलत जाऊन चिकटली. ती ऋण.

तारांची टोकं पात्याने खरवडली, दोन्हीवर तांब्याच्या बारीक नळ्या चढवून पक्कडीने घट्ट दाबल्या आणि मग त्या नळ्यांना बोर्डवर डाख दिला. तारेला दाबाने धरायचं आणि डाख तांब्याला द्यायचा. दोन्ही जोड शेजारी शेजारी ठेवले, एकाच तापमानाला राहतील असे, म्हणजे मधल्या तांब्याने वाचनात भर पडणार नाही. केबल जिथे शिरते तिथे आतून एक गाठबंद लावला, म्हणजे वाकणं तिथेच थांबेल, बोर्डपर्यंत पोचणार नाही. ओम मोजले. 4. भाचीने केबल हवी तशी वाकवून बघितली. 4.

सगळं जुळवल्यावर पहिला पुरवठा सिरीज बल्बमधून दिला. आत कुठे शॉर्ट राहिला असेल तर बल्ब पेटतो आणि मशीन वाचतं. बल्ब क्षणभर उजळून मालवला, डिस्प्ले आला. मग बल्ब काढून थेट लावलं आणि हँडल उचललं.

आकडा 27 पासून सुरू झाला. चाळीस, नव्वद, दोनशे. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला आणि मला ते हळू चढणं फार आवडलं. 350 ला थांबला तेव्हा शिसंविरहित तार धरली. टोक आधी जरा वाकलं, मग एकदम ओलं होऊन मण्यासारखं गोळा झालं आणि टपकन खाली पडलं.

पियानोचा बोर्ड घेतला. उखडलेल्या पॅडच्या जागा टेपने झाकल्या, कडेने फ्लक्स लावला, नोझल फिरवायला लागलो. मिनिटभरात डावीकडून चमक आली, खालून फिरून उजवीकडे गेली. चिमटा टेकवला. चिप हलली आणि परत जागेवर आली. भाचीने श्वास धरला होता, तो मला ऐकू आला. मी चिप उचलली. खाली पॅड स्वच्छ, जे होते ते सगळे जागच्या जागी.

हँडल स्टँडवर ठेवलं. कॉइल बंद झाली, पंखा चालू राहिला. आम्ही दोघंही आकड्याकडे बघत बसलो. दोनशेदहा. एकशेसाठ. एकशेअठ्ठेचाळीस आला आणि गेला. एकशेवीस. एकशेएक.

पंखा थांबला.

"मामा, हे एवढं शांत असतं?" ती म्हणाली.

महिनाभराने मी ती शांतता ऐकत होतो. तिला हो म्हणायचंही राहून गेलं.